न थांबणाऱ्या धक्क्यांचे गणित

हैदराबादेतील नामपल्लीचे रेल्वेस्टेशन हे रुळांच्या शेवटाचे स्टेशन आहे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या स्टेशनात शिरलेली गाडी पुढे कोठे जात नाही. फलाटाच्या टोकाशी रूळ संपतात आणि तेथे आडवा अडसर उभा असतो. वाटेवरच्या स्टेशनात चालकाचा अंदाज चार हात चुकला तर फारसे बिघडत नाही. गाडी थोडी पुढे जाऊन थांबते आणि हमालांना तेवढे जास्त धावावे लागते. शेवटच्या स्टेशनात ही सवलत नसते. १० जानेवारी २०२४ रोजी सकाळी चेन्नईहून आलेली चारमिनार एक्सप्रेस थांबावयाच्या जागेच्या पुढे गेली, टोकाच्या भिंतीला धडकली आणि तिचे तीन डबे रुळांवरून घसरले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. काही प्रवाशांना किरकोळ इजा झाली. एरवी याच फलाटांवर वर्षानुवर्षे रोज कितीतरी गाड्या अडसरापासून काही पावलांवर अलगद येऊन उभ्या राहतात आणि त्याचे कोणालाच नवल वाटत नाही.

वास्तविक नवल वाटावे असेच ते काम आहे. चालक वेग पाहतो, उरलेले अंतर ताडतो, ब्रेक लावतो; लावलेल्या ब्रेकचा परिणाम काय झाला हे पुन्हा पाहतो आणि त्याप्रमाणे हात कमीजास्त करतो. रूळ ओले असोत, गाडी भरलेली असो वा रिकामी असो, प्रत्येक वेळी हिशेब निराळा, परंतु रीत तीच. परिणामाची बातमी कारणाकडे परत न्यावयाची आणि त्या बातमीवरून कारण सुधारावयाचे, या रीतीला इंजिनिअर लोक फीडबॅक म्हणतात. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवून इंजिनाकडूनच स्वतःचा वेग आवरून घेतला. त्या गोळ्यांचे इंजिन कधी कधी स्थिर होण्याऐवजी हेलकावे का खाऊ लागते, याचे गणित मॅक्सवेलसारख्या थोर शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये मांडले. नियंत्रणशास्त्राचा इतिहास साधारणतः तेथून सांगण्याची प्रथा आहे.

नामपल्लीच्या त्या अपघाताला वर्ष होते न होते तोच, १६ जानेवारी २०२५ रोजी, भारताची दोन अवकाशयाने पृथ्वीपासून सुमारे ४७० किलोमीटर उंचीवर एकमेकांना येऊन जोडली गेली. प्रत्येकाचे वजन सुमारे २२० किलो. दोघेही ताशी सत्तावीस हजार किलोमीटरांहून अधिक वेगाने पृथ्वीभोवती धावत होते. परंतु एकमेकांच्या संदर्भात त्यांचा शेवटचा वेग सेकंदाला सुमारे दहा मिलिमीटर, म्हणजे मुंगीच्या चालीइतका ठेवावयाचा होता. ही जोडणी आधी ठरलेल्या दिवशी झाली नाही. जवळ येण्याच्या एका टप्प्यात याने अपेक्षेपेक्षा जास्त वाहत चालली आहेत असे दिसून आले तेव्हा ती पुढे ढकलण्यात आली. १२ जानेवारीला ती दोन याने तीन मीटरांपर्यंत आली, तेथून एकमेकांना जणू न्याहाळून पुन्हा मागे गेली, आणि चार दिवसांनी जुळली. अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यानंतर हे साधणारा भारत हा चौथा देश ठरला.

अशा वेळी वर्तमानपत्रांत अग्निबाणाचे चित्र येते, वैज्ञानिकांचे हसरे चेहरे येतात. या यशाच्या मागे कोठे तरी विद्यापीठांच्या खोल्यांत खडूने काळे फळे भरणारी जी माणसे असतात त्यांचे चित्र येत नाही, आणि यावे अशी त्यांचीही अपेक्षा नसते. अशाच एका माणसाची कारकीर्द हैदराबाद शहराशी जोडलेली आहे. त्यांचे नाव माथुकुमल्ली विद्यासागर. त्यांनी अवकाशयान बांधले नाही; परंतु अवकाशयानाला आणि यंत्रमानवाला सारखाच छळणारा एक प्रश्न त्यांनी इतक्या स्वच्छपणे मांडला की पुढच्या संशोधकांना त्याकडे पाठ फिरविता आली नाही.

विद्यासागर यांचा जन्म २९ सप्टेंबर १९४७ रोजी गुंटूर येथे झाला. वडील एम. व्ही. सुब्बाराव हे अंकशास्त्रातील नामवंत गणिती; पुढे ते कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात प्राध्यापक झाले. घरात गणित हे देवघरासारखे असले म्हणजे मुलगा एक तर त्यापासून दूर पळतो किंवा त्यातच रमतो. विद्यासागर यांनी मधला मार्ग काढला. ते विद्युत् अभियांत्रिकीकडे वळले, पण गणित बरोबर घेऊन गेले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या तिन्ही पदव्या त्यांनी १९६५, १९६७ आणि १९६९ या वर्षी मिळविल्या. डॉक्टरेट हाती आली तेव्हा ते जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे होते. त्यानंतर एक वर्ष अमेरिकेत अध्यापन, मग दहा वर्षे माँट्रियल येथे, पुढे कॉन्कॉर्डिया या नावाने ओळखल्या गेलेल्या विद्यापीठात, आणि १९८० पासून नऊ वर्षे वॉटर्लू विद्यापीठात. एवढ्या वर्षांत ग्रंथही लिहून झाले. बर्कलेचे चार्ल्स डेसोअर यांच्याबरोबर १९७५ मध्ये एक, स्वतःचा एक १९७८ मध्ये, आणखी एक १९८५ मध्ये. हे ग्रंथ कठीण म्हणून प्रसिद्ध आहेत आणि ती प्रसिद्धी खोटी नाही.

आता तो प्रश्न. त्यासाठी आधी आकाशातील एक हकीकत सांगितली पाहिजे.

१० एप्रिल १९८२ रोजी भारताचा इन्सॅट-१ए हा उपग्रह अमेरिकेतून सोडण्यात आला. दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि हवामानाची चित्रे ही तिन्ही कामे त्याने करावयाची होती. हवामानाच्या कॅमेऱ्याला थंड राहण्यासाठी एका बाजूचे आकाश मोकळे हवे, म्हणून त्या उपग्रहाला सूर्यप्रकाशाची वीज करणारा पंख एकाच बाजूस होता. येथेच गोम होती. सूर्यप्रकाश ज्या वस्तूवर पडतो तिला तो किंचित ढकलतो. पृथ्वीजवळ एका चौरस मीटरवर हा रेटा अवघा साडेचार मायक्रोन्यूटन, म्हणजे तळहातावर अर्ध्या मिलिग्रॅमचा कण ठेवावा इतका. आणि पृष्ठभाग आरशासारखा असला तर त्याच्या दुप्पट. जमिनीवर याची कोणी गणतीही करणार नाही. पण अवकाशात त्याला अडविणारे घर्षण नाही, वारा नाही, आणि तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षे एकाच बाजूच्या पंखाला ढकलीत राहतो. पंख एकीकडे आणि दुसरीकडे काहीच नाही, म्हणजे उपग्रह हळूहळू वळणार. तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूस लांब दांड्याच्या टोकाशी एक पाल योजले होते. होडीला वाऱ्यावर नेण्यासाठी शीड लागते. येथे शीड होते ते उपग्रहाला जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी. ते पाल उघडलेच नाही. उपग्रहात इतरही बिघाड झाले, इंधन भराभर खर्ची पडले, आणि सप्टेंबर १९८२ मध्ये, म्हणजे पाच महिनेही पुरते झाले नव्हते तोच, सात वर्षांसाठी योजलेला तो उपग्रह निकामी झाला.

अवकाशयानाला सरळ ठेवण्याची नेहमीची युक्ती म्हणजे आत बसविलेली फिरती चाके. चाक एका दिशेने फिरविले की यान उलट दिशेने वळते. इंधन मुळीच लागत नाही. परंतु बाहेरचा रेटा सतत एकाच बाजूने येत असेल तर त्याला उत्तर देता देता चाकाचा वेग वाढत जातो आणि शेवटी चाक आपल्या मर्यादेशी येऊन ठेपते. मग ते उतरवावयाला इंधन जाळावे लागते, किंवा पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घ्यावा लागतो. यानाचे आयुष्य हे पुष्कळदा असे इंधनाच्या थेंबांत मोजले जाते.

विद्यासागर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या जातीच्या संकटाचे गणिती रूप उभे केले. निबंधात उपग्रहाचे नाव नाही. गणिताला नावे लागत नाहीत. त्यांच्या आधी १९८१ मध्ये माँट्रियलच्याच मॅकगिल विद्यापीठातील जॉर्ज झेम्स यांनी नियंत्रणशास्त्राला नवे वळण दिले होते. झेम्स यांच्या विचारात बाहेरून येणाऱ्या धक्क्याची एकूण शक्ती मर्यादित मानली जाई. तो धक्का वळवाच्या सरीसारखा. कितीही जोराची असली तरी सर शेवटी ओसरते. विद्यासागर यांनी विचारले, धक्का संततधारेसारखा असेल तर? तो कसा येईल ते ठाऊक नाही. केव्हा थांबेल, किंबहुना थांबेल की नाही, तेही ठाऊक नाही. एवढेच ठाऊक आहे की कोणत्याही क्षणी तो अमुक एका मर्यादेपेक्षा मोठा असणार नाही. अशा स्थितीत यंत्राची चूक कोणत्याही क्षणी जास्तीत जास्त किती होईल, आणि ती जास्तीत जास्त चूक लहानात लहान ठेवणारे सुकाणू कोणते? सरासरीने चांगले असणे पुरेसे नाही, कारण फलाटाच्या अडसराला सरासरी समजत नाही.

प्रश्न मांडणाऱ्यानेच त्याचे पूर्ण उत्तर द्यावे असा नियम नाही. या प्रश्नाचे उत्तर पुढल्याच वर्षी, १९८७ मध्ये, राईस विद्यापीठातील दाहलेह आणि पिअर्सन या दोघांनी काढले, आणि त्यातून नियंत्रणशास्त्राची एक स्वतंत्र शाखाच तयार झाली. विद्वानांच्या जगात अशा प्रसंगी पुष्कळ कडवटपणा माजतो. येथे मात्र प्रश्नाचा मान एकाकडे आणि उत्तराचा मान दुसऱ्यांकडे, अशी वाटणी सर्वांनी मान्य केलेली दिसते.

तरीही एक गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. या गणितातून निघणारी सुकाणूची सूत्रे पुष्कळदा इतकी गुंतागुंतीची होतात की यानावरच्या छोट्या संगणकाला ती पेलत नाहीत. प्रत्यक्षात आजही बहुसंख्य यंत्रांत जुनेच साधे सूत्र चालते: चूक किती आहे, ती किती साठली आहे आणि किती वेगाने बदलत आहे, या तिन्हींना योग्य वजन देऊन उत्तर काढावयाचे. मग त्या उच्च गणिताचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर उपयोग असा की, साध्या सूत्राने यापेक्षा चांगले साधणेच शक्य आहे की नाही, हे त्या गणितावाचून कळत नाही. आदर्श काय ते ठाऊक असल्याखेरीज तडजोड किती महाग पडली हे सांगता येत नाही.

उलट टोकाचेही एक उदाहरण आपल्याकडे आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून वर गेला. त्याला स्थिर ठेवण्यासाठी चाके नव्हती, इंधन नव्हते. आत चुंबक होता आणि डोलणे शमविण्यासाठी विशिष्ट धातूच्या कांड्या होत्या. होकायंत्राची सुई उत्तर धरते त्याप्रमाणे या उपग्रहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरावयाची. धक्क्याशी झुंजण्याऐवजी निसर्गाच्याच एका बळाला सुकाणूवर बसविण्याची ही युक्ती. मुलांनी वर्षानुवर्षे, तुकडीमागून तुकडी असे ते काम पुरे केले. पहिल्या तुकडीतील मुले नोकरीला लागली तरी उपग्रह जमिनीवरच होता.

विद्यासागर यांच्या कारकिर्दीचा दुसरा धागा यंत्रमानवाचा. १९८९ मध्ये मार्क स्पाँग यांच्याबरोबर लिहिलेले त्यांचे यंत्रमानवाच्या गतीवरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते पुढे अनेक देशांतील विद्यार्थ्यांच्या हाती गेले. आधीच्या ग्रंथांच्या मानाने ते सुबोध आहे. त्यात यंत्रमानव म्हणजे मुख्यतः सांधे असलेला हात: कारखान्याच्या जमिनीत घट्ट रोवलेला, वेल्डिंग करणारा, रंग देणारा. प्रत्येक सांधा किती वळला म्हणजे बोटे कोठे पोहोचतील, याचा हिशेब जमीन हलत नाही या गृहीतावर चालतो.

अवकाशात ते गृहीतच नाहीसे होते. तेथे हात पुढे केला की ज्याला तो जोडलेला आहे ते यान मागे सरते आणि उलट वळते. म्हणजे बोटे जेथे पोहोचावयास हवी होती तेथे पोहोचतच नाहीत. पाण्यात तरंगणाऱ्या होडीतून काठावरची वस्तू उचलावयास वाकलेल्या माणसाला हा अनुभव असतो. नोव्हेंबर १९८१ मध्ये अमेरिकेच्या अवकाश-शटलवर पहिल्यांदा वापरलेला कॅनडाचा पंधरा मीटर लांबीचा हात असाच. पृथ्वीवर त्याला स्वतःचे वजनसुद्धा उचलवत नसे आणि वर मात्र तो मोठमोठे उपग्रह अलगद हलवी. शटल प्रचंड जड असल्यामुळे त्याला या हाताचा उपद्रव कमी होता. लहान उपग्रहाला हात बसविला तर मात्र हात उपग्रहाला हलवितो की उपग्रह हाताला, हे सांगणे कठीण होते. टोकियोतील उमेतानी आणि योशिदा यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस असे सूत्र दिले की ज्यात यानाचे हे मागे सरणे आधीच हिशेबात धरलेले असते. जपानने १९९७ मध्ये सोडलेल्या एका उपग्रहावर दोन मीटरांचा हात बसवून ही विद्या प्रत्यक्ष अजमावली.

या गणितातील एक गंमत सांगण्याजोगी आहे. उंचावरून उलटी सोडलेली मांजर हवेतच वळून चारी पायांवर पडते. तिला ढकलावयाला हवेत काही नसते. मग ती वळते कशी? शरीराचा पुढचा आणि मागचा भाग ती अशा क्रमाने वाकविते आणि फिरविते की शेवटी सर्व अवयव पूर्ववत् होतात, पण तोंड दुसरीकडे झालेले असते. १९६९ मध्ये केन आणि शेर यांनी याचे गणित मांडले. अवकाशयानाच्या हाताने अशीच प्रदक्षिणा घालून यानाला इंधनाविना वळविता येते. मांजरीला हे कोणत्या विद्यापीठात शिकविले नाही, हे प्राध्यापकांनी मनावर घेऊ नये.

१९८९ हे वर्ष विद्यासागर यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. वय बेचाळीस, कॅनडात मानाचे पद, हाती यशस्वी पुस्तक. त्या वर्षी ते भारतात परतले आणि बंगलोर येथे संरक्षण संशोधन संघटनेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रमानवशास्त्र केंद्राचे संचालक झाले. भारतात संगणक आणणे हेच तेव्हा मोठे काम होते. निबंध लिहिणाऱ्या गणित्याने अर्ज, मंजुऱ्या आणि खरेदीच्या फायली यांच्यात अकरा वर्षे घालविणे हा तोट्याचा व्यवहार आहे, असे कोणाला वाटेल. परंतु विमानांचे नियंत्रण, यंत्रमानव, प्रतिमांचे विश्लेषण या विषयांत काम करणारी एक तरुण तुकडी तेथे उभी राहिली, हे निबंधांच्या यादीत दिसत नाही. दिसतो तो १९९७ सालचा, यंत्रांनी उदाहरणांवरून शिकण्यासंबंधीचा त्यांचा ग्रंथ. आज ज्या विषयावर पानटपरीवरही चर्चा चालते तो विषय त्या वेळी मूठभर लोकांना ठाऊक होता.

२००० मध्ये ते हैदराबादेस आले, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रगत तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून. २००८ मध्ये नियंत्रणशास्त्रातील जागतिक मानाचा आयईईई पुरस्कार त्यांना मिळाला. साठी ओलांडल्यावर, २००९ मध्ये, ते टेक्सासमधील विद्यापीठात गेले ते जीवशास्त्राशी गणिताची सांगड घालण्यासाठी; पेशींच्या आत चालणारे नियंत्रण आणि कर्करोग हा त्यांचा नवा विषय झाला. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. पुढे हैदराबादजवळ, मुंबईच्या रस्त्यावर कंदी येथे असलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीशी त्यांचा संबंध जुळला.

तेथे असतानाच २०२० मध्ये करोनाच्या साथीचा गणिती अंदाज करण्याच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मणींद्र अगरवाल आणि सैन्याच्या वैद्यकीय सेवेतील माधुरी कानिटकर हे त्यांचे सहकारी होते. खबरदारी पाळली तर फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस साथ पुष्कळशी ओसरेल, असे या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले. नंतर दुसरी लाट आली आणि तिने देशात हाहाकार उडविला. आपल्या गणिताला त्या लाटेचा आवाका कळला नाही, हे या तिघांनी जाहीरपणे लिहून दिले. ज्या माणसाने तरुणपणी धक्क्याची मर्यादा आधी धरून चालणारे गणित रचले, त्याच्यासमोर ती मर्यादाच बदलून टाकणारा धक्का उभा राहिला. विषाणूने रूप बदलले होते, माणसांनीही वागणे बदलले होते. अभियंत्याचे गणित चुकले तर यान जाते. हे गणित चुकले त्याची किंमत सामान्य घरांनी मोजली, आणि ती आकड्यांत सांगून भागत नाही. समितीवर टीका झाली. ती व्हावयाचीच होती.

अवकाशातील हाताचे काम इकडे पुढे चालू राहिले. जोडणीच्या त्या दोन यानांना वर नेणाऱ्या अग्निबाणाचा शेवटचा टप्पा फेकून न देता सुमारे साडेतीनशे किलोमीटर उंचीवर प्रयोगशाळा म्हणून वापरण्यात आला. त्यावर सात सांध्यांचा एक हात होता. तो एक टोक रोवून दुसरे उचलतो आणि पानावर चालणाऱ्या अळीप्रमाणे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो. जानेवारी २०२५ मध्ये त्याने तसे चालून दाखविले. तिरुवनंतपुरम येथील अभियंत्यांनी तो बांधला होता.

जोडलेली ती दोन याने १३ मार्च २०२५ रोजी पुन्हा वेगळी करण्यात आली आणि २० एप्रिलला दुसऱ्यांदा जोडली गेली. पहिल्या खेपेस याने तीन मीटरांवर आल्यावर थांबवून, सर्व काही तपासून मगच पुढे सोडली होती. दुसऱ्या खेपेस पंधरा मीटरांपासून जुळेपर्यंतचा सारा प्रवास यानांनी आपला आपणच केला. तीन मीटरांवरचा तो विसावा त्यांना घ्यावा लागला नाही.